वरची मूठ

रुवीतल्या आमच्या ऑफिसला खिडकी एकच,
तीही डक्टिंगच्या नमुन्यांनी अर्धी झाकलेली.
उरलेल्या काचेतून एक बोडका डोंगर
माझ्या टेबलावर नजर ठेवतो.
दर महिन्याच्या चोवीस तारखेला
मी एकशे बारा माणसांचा पगार टाइप करते.

रियालला दशांशानंतर तीन घरं.
पहिल्या वर्षी मी ती मोजून भरायचे,
शून्य, शून्य, शून्य.
एक जरी गळलं तर बँक अख्खी फाइल परत पाठवते.
आता बोटं आपसूक जातात,
आईची तसबीहवरून जायची तशी.

ओळ सत्तेचाळीस : मैमुना मुकादम, अकाउंट्स, ३१०.०००
ओळ अठ्ठेचाळीस : जिजो वर्गीस, अकाउंट्स, ४७५.०००

जिजोला फाइल चढवायला मीच शिकवलं.
पोरगा चांगला आहे.
अजूनही ग्रॅच्युइटीला अडला की
खुर्चीसकट सरकत येतो,
"चेची, एकदा बघता?"
मी बघते.

विचारलं होतं मी. एकदाच, दोन वर्षांपूर्वी.
तलरेजासाहेबांनी चष्मा काढला, पुसला,
म्हणाले, त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत.
तुझं काय, नवरा आहे कमावणारा.
मी मान हलवली.
नवरा तीन वर्षं हर्णैला आहे,
आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला नेतात,
रिक्षाचं भाडंसुद्धा इथून जातं,
आणि मी हमरियात दोन नर्सबायांबरोबर एका खोलीत राहते,
हे सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर हिशेब राहिला नसता,
खैरात झाली असती,
आणि खैरातीचं व्हाउचर वेगळं.

मार्चमध्ये बायकांचा दिवस झाला.
आम्हा सहाजणींना एकेक गुलाब.
"केक मैमुना कापेल,
तिच्या हातचे तुकडे अगदी सारखे पडतात."
पडले सारखे.
संध्याकाळी व्हाउचर मीच केलं :
गुलाब, नग सहा, ७.२००

माझी आई हर्णैच्या बंदरावर जवळा विकायची.
शेर भरला की वर एक मूठ टाकायची,
गिऱ्हाईक मागो न मागो.
"माप त्यांचं. मूठ आपल्या मनाची."
अकरा वर्षं मीही टाकत आले :
शुक्रवारचं ऑडिट, जिजोच्या चुका,
पाहुणे आले की चहाचं बघणं.
शेरातूनच कोणी काढून घेतंय
हे मुठीच्या नादात दिसलं नाही.

आज चोवीस.
दोन ओळींची वजाबाकी केली, नेहमीसारखी,
आणि मग उगाच खाली सरकत गेले.

ओळ एकशे तीन : अब्दुल मतीन, सफाई, ९५.०००
ओळ एकशे चार : कुसुमलता, सफाई, ८०.०००

तेच दोन मजले, तीच बादली.
वर बायकांचं टॉयलेट आणि साहेबांचे कप
कुसुमलताकडे.
नऊ वर्षं हे ऐंशी माझ्याच बोटांनी लिहिलंय.
शून्य, शून्य, शून्य.
माझ्या एकशे पासष्टचा ठणका मला रात्री उठवायचा.
तिच्या पंधराचा
साधा टिचकीएवढा आवाज कधी आला नाही.

ती आत्ता टेबलाखालचा केर काढतेय.
"पाय वर, मॅडम."
मी पाय वर घेतले.
मग स्क्रीन तिच्याकडे वळवली.
असं करायचं नसतं. नेमणुकीच्या पत्रात
कलम नऊ, माझी सही आहे खाली.

तिला इंग्रजी येत नाही. आकडे येतात.
तिने वाचले,
ओल्या बोटाने काचेवर दोन्ही ओळींखाली रेघ ओढली.
"या महिन्यापासून?"
"नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून."
झाडू तिने कपाटाला टेकवून ठेवला.

दोनला बँक बंद होते.
एक वाजून दहा मिनिटं झालीत,
फाइल अजून माझ्याकडेच आहे.
आतून चहाची बेल वाजली.
एकदा.
थोड्या वेळाने परत.